मिशिगन विद्यापीठ विरुद्ध यूइंग: हरलेल्या खटल्यात वकील कुठे हवा होता?

आपल्याकडे बारावी, नीट आणि एमबीबीएस असा एकमार्गी रस्ता आहे. अमेरिकेत आधी चार वर्षांची कुठलीतरी पदवी घ्यायची, ती घेता घेता जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्राचे ठरावीक विषय उरकायचे, एमकॅट ही प्रवेशपरीक्षा द्यायची आणि मग मेडिकल स्कूलचे अर्ज भरायचे. या चार वर्षांत डॉक्टर व्हायचं म्हणून जो शिकतो त्याला प्री-मेड म्हणतात. त्याच्या हातात अजून काहीच नसतं, नुसता इरादा असतो. त्यामुळे लॅब रिपोर्टात नक्कल सापडली किंवा वसतिगृहाच्या खोलीत दारूची बाटली सापडली आणि विद्यापीठाच्या शिस्त कार्यालयाची मेल आली, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो: वकील करायचा का?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी नेहमी एका जुन्या खटल्याकडे वळतो. त्यात यूइंग नावाचा विद्यार्थी मिशिगन विद्यापीठाविरुद्ध हरला, आणि तो कसा हरला यातून वकिलाची खरी जागा कळते. निकाल १२ डिसेंबर १९८५ चा, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा.

मिशिगन विद्यापीठाने १९७२ साली इंटेफ्लेक्स नावाचा जोड अभ्यासक्रम सुरू केला होता. पदवीपूर्व महाविद्यालय आणि मेडिकल स्कूल यांनी मिळून चालवलेला, सहा वर्षांत दोन्ही पदव्या देणारा. आज न्यू जर्सीतल्या मराठी घरांत ‘बीएस-एमडी’ हा शब्द ज्या आदराने उच्चारला जातो, त्याच जातीचा. पहिली चार वर्षं प्री-मेडचे आणि मूलभूत वैद्यकाचे विषय, शेवटची दोन रुग्णालयात. मधे एक उंबरठा होता: नॅशनल बोर्ड ऑफ मेडिकल एक्झामिनर्सची ‘पार्ट वन’ ही दोन दिवसांची लेखी परीक्षा. ती उत्तीर्ण झाल्याशिवाय रुग्णालयाचं दार उघडत नसे. (पुढे १९९० च्या दशकात तिची जागा यूएसएमएलई स्टेप वनने घेतली.)

यूइंग १९७५ च्या शरद ऋतूत दाखल झाला. चार वर्षांचा टप्पा ओलांडायला त्याला १९८१ चा वसंत उजाडला. वाटेत अपूर्ण राहिलेले विषय, फेरपरीक्षा, कमी केलेला अभ्यासभार, मधली सुट्टी असं बरंच काही होतं. परीक्षेत सातपैकी पाच विषयांत तो नापास झाला. एकूण गुण २३५. उत्तीर्ण व्हायला ३४५ लागत, राज्याचा परवाना मिळायला ३८०, आणि देशाची सरासरी ५००. इंटेफ्लेक्सच्या छोट्याशा इतिहासातला तो नीचांक होता.

२४ जुलै १९८१ रोजी विद्यापीठाचं बढती व आढावा मंडळ बसलं. हजर असलेल्या नऊही सदस्यांनी त्याचं नाव पटावरून काढायचं ठरवलं. त्याने लेखी विनंती केली, म्हणून आठवडाभराने मंडळ पुन्हा बसलं आणि या वेळी तो स्वतः समोर गेला. पुन्हा नऊच्या नऊ मतं विरोधात. ऑगस्टमध्ये त्याने मेडिकल स्कूलच्या कार्यकारी समितीकडे दाद मागितली: मला रजेवर असल्याचं दाखवा, म्हणजे परीक्षा परत देता येईल. समितीने त्याचं म्हणणं ऐकलं आणि एकमताने फेटाळलं. पुढच्या वर्षभरात तो आणखी दोनदा त्याच समितीपुढे पुनर्प्रवेश मागत गेला आणि दोनदा रिकाम्या हाताने परतला. १९ ऑगस्ट १९८२ रोजी त्याने डेट्रॉइटच्या बाजूच्या फेडरल जिल्हा न्यायालयात दावा लावला.

इथपर्यंतची हकिगत वाचून बहुतेक जण म्हणतील, २३५ गुणांवर कसला दावा? पण दावा पोकळ नव्हता. पार्ट वनमध्ये नापास झालेल्यांना पुन्हा बसू देण्याचा मिशिगनचा शिरस्ता होता. कुणाला एकदा, कुणाला दोनदा, कुणाला तीनदा-चारदासुद्धा. पहिल्याच नापाशीवर कायमचं घरी पाठवलेला हा एकटा. शिवाय मेडिकल स्कूलने छापलेल्या एका माहितीपत्रकात दुसऱ्या संधीचा उल्लेख होता. आपल्याकडे एटीकेटीवर वाढलेल्या कुणालाही ही तक्रार लगेच पटेल: सगळ्यांना दिलंत, मलाच का नाही?

जिल्हा न्यायालयात चार दिवस सुनावणी झाली आणि न्यायाधीशांना ही तक्रार पटली नाही. शिरस्ता म्हणजे करार नव्हे, माहितीपत्रक म्हणजे वचन नव्हे, आणि मंडळाने एका परीक्षेवर नव्हे तर त्याच्या सगळ्या प्रगतिपुस्तकावर निर्णय घेतला, असं ठरलं. सहाव्या सर्किटच्या, म्हणजे त्या विभागाच्या, अपील न्यायालयाने १९८४ मध्ये हे उलटवलं. सारख्या परिस्थितीतल्या सगळ्यांना जी संधी दिली ती याला नाकारणं मनमानी आहे, त्याला परीक्षेला बसू द्या, उत्तीर्ण झाला तर परत घ्या, असा आदेश निघाला. आणि मग सर्वोच्च न्यायालयाने एकमताने अपील न्यायालयाला उलटवलं.

न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा असा. पटावर राहण्याचा घटनात्मक हक्क विद्यार्थ्याला आहे की नाही, हा वाद त्यांनी सोडवलाच नाही. आहे असं धरून चालले. मग एवढंच तपासलं की प्राध्यापकांनी खरोखर व्यावसायिक विवेक वापरला का. निर्णय खराखुरा शैक्षणिक असेल तर न्यायाधीशांनी प्राध्यापकांच्या मताचा मान राखायचा, आणि तो बाजूला सारायचा तो फक्त तेव्हाच, जेव्हा निर्णय शिक्षणक्षेत्राच्या मान्य रीतींपासून इतका दूर गेलेला असेल की त्यांनी विवेक वापरलाच नाही हे उघड दिसावं. न्यायमूर्ती पॉवेल यांनी वेगळं मत जोडलं, तेही यूइंगला आणखी प्रतिकूल: असा हक्कच नाही, असं त्यांचं म्हणणं.

ही भाषा आपल्याला परकी वाटू नये. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८४ मध्ये, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात जवळजवळ हाच सूर लावला होता. उत्तरपत्रिका बघायला आणि फेरतपासणीला मज्जाव करणारे मंडळाचे नियम मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा उभे केले आणि सांगितलं की शैक्षणिक बाबींत तज्ज्ञांच्या जागी न्यायालयाने स्वतःचं मत बसवताना हात आखडता घ्यावा. दोन देश, दोन घटना, एकच संकोच. न्यायाधीशाला गुणपत्रिकेची भीती वाटते, आणि माझ्या मते ती रास्तही आहे. पण त्या भीतीची किंमत विद्यार्थी मोजतो, हेही लक्षात ठेवलं पाहिजे.

दोन खाती

इथे थोडं थांबून अमेरिकन कायद्याची वाटणी सांगतो, कारण वकिलाचा अर्धा उपयोग तिथेच ठरतो. विद्यापीठाची कारवाई दोन खात्यांपैकी एकात पडते: गैरवर्तनाची किंवा अभ्यासातल्या अपयशाची.

गैरवर्तनाच्या खात्याची सुरुवात १९६१ च्या डिक्सन खटल्याने होते. मॉन्टगोमेरीच्या अलाबामा स्टेट कॉलेजचे कृष्णवर्णीय विद्यार्थी फेब्रुवारी १९६० मध्ये कोर्टाच्या इमारतीतल्या फक्त गोऱ्यांसाठीच्या उपाहारगृहात जाऊन बसले. राज्याच्या गव्हर्नरपासून सगळे खवळले आणि काही दिवसांत नऊ जणांना काढून टाकल्याची पत्रं निघाली. आरोप काय, पुरावा काय, तुमचं म्हणणं काय, कुणी काही विचारलं नाही. मॉन्टगोमेरीचे तरुण वकील फ्रेड ग्रे आणि नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या थरगुड मार्शल यांच्या संस्थेचे वकील त्यांच्यामागे उभे राहिले आणि पाचव्या सर्किटने ठरवलं की सरकारी महाविद्यालयाला आधी नोटीस आणि सुनावणी दिल्याशिवाय गैरवर्तनासाठी काढता येणार नाही. १९७५ मध्ये गॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ओहायोच्या शाळकरी मुलांच्या दहा दिवसांपर्यंतच्या निलंबनालाही हाच नियम लावला: आरोप सांगा, पुरावा सांगा, मुलाचं ऐका.

अभ्यासाच्या खात्यात यातलं फारसं काही मिळत नाही. १९७८ चा हॉरोविट्झ खटला मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटीतल्या मेडिकल विद्यार्थिनीचा. लेखी अभ्यासात हुशार, पण रुग्णालयातल्या कामाबद्दल, वेळा पाळण्याबद्दल, अगदी नीटनेटकेपणाबद्दलही शेरे. विद्यापीठाने तिला सात बाहेरच्या डॉक्टरांकडे पाठवून मत मागवलं. दोघे म्हणाले पदवी द्या, दोघे म्हणाले काढा, तिघे म्हणाले देखरेखीखाली आणखी वेळ द्या. तिला काढलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, अभ्यासातल्या मूल्यमापनासाठी सुनावणीची गरज नाही. विद्यार्थ्याला पूर्वसूचना दिली आणि निर्णय विचार करून घेतला, एवढं पुरे.

तेव्हा वकिलाचं पहिलं काम म्हणजे आपलं प्रकरण कुठल्या खात्यात आहे ते ओळखणं, आणि विद्यापीठ ते मुद्दाम दुसऱ्या खात्यात ढकलत असेल तर तिथेच अडवणं. परीक्षेतली नक्कल अभ्यासाशी संबंधित असली तरी ती गैरवर्तन आहे. त्यात घडलं की नाही हा वस्तुस्थितीचा प्रश्न असतो, म्हणून नोटीस आणि सुनावणी मागायचा हक्क भक्कम. मात्र मेडिकल स्कूलमध्ये ‘प्रोफेशनलिझम’ नावाचं एक लवचिक भांडं आहे, त्यात काहीही मावतं. क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने एका विद्यार्थ्याला अभ्यास पूर्ण झाल्यावर पदवी नाकारली. कारणांत उशिरा येण्यापासून दारू पिऊन गाडी चालवल्याच्या शिक्षेपर्यंत सगळं होतं. जिल्हा न्यायालयाने २०१४ मध्ये पदवी देण्याचा आदेश दिला. २०१५ मध्ये सहाव्या सर्किटने तो फिरवला: डॉक्टरसारखं वागता येणं हाही अभ्यासक्रमाचाच भाग, म्हणून हा निर्णय शैक्षणिक. मला हे पूर्ण पटत नाही. वर्तनाच्या तक्रारीला अभ्यासाचा शिक्का मारला की विद्यार्थ्याचे सुनावणीचे हक्क आपोआप आखडतात, आणि शिक्का कुणी मारायचा ते विद्यापीठच ठरवतं. पण कायदा आज तिथे आहे, आणि बीएस-एमडीच्या मुलांना तो पहिल्या वर्षापासून लागू होऊ शकतो.

आणखी एक भेद, जो पालकांना हमखास माहीत नसतो. हे घटनात्मक हक्क सरकारी विद्यापीठाविरुद्ध चालतात. मिशिगन सरकारी होतं म्हणून यूइंग घटनेवर बोट ठेवू शकला. खासगी विद्यापीठाविरुद्ध हातात राहतो तो प्रामुख्याने करार, म्हणजे विद्यार्थी-नियमपुस्तिकेत त्यांनी स्वतः काय लिहून दिलंय ते. तिथे वकील पहिल्या दिवशी पुस्तिकेची त्या वर्षाची प्रत उतरवून ठेवतो, कारण संकेतस्थळावरचा मजकूर बदलू शकतो.

१९८१ चा तो आठवडा

आता परत यूइंगकडे. खटला १९८५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये हरला असं कागदोपत्री दिसतं. माझ्या मते तो जुलै १९८१ मध्ये, मंडळाच्या पहिल्या आणि दुसऱ्या बैठकीच्या मधल्या आठवड्यात हरला.

मंडळापुढे त्याने आपल्या गुणांची जी कारणं सांगितली ती निकालात नोंदलेली आहेत. परीक्षेच्या दीड वर्ष आधी आईला हृदयविकाराचा झटका आला होता. सहा महिने आधी प्रेयसीशी संबंध तुटले. एका निबंधस्पर्धेसाठी लिहिण्यात फार वेळ गेला. औषधशास्त्राची फेरपरीक्षा नेमकी या परीक्षेच्या तोंडावर आली. आणि तयारी अपुरी असल्याने परीक्षेत तो गांगरला.

ही यादी समितीतल्या प्राध्यापकाच्या खुर्चीतून वाचून बघा. पहिलं कारण दीड वर्षं जुनं. दुसऱ्यावर सहानुभूती मिळेल, मत मिळणार नाही. तिसरं तर उलटं पडतं: राष्ट्रीय परीक्षा डोक्यावर असताना हा निबंध लिहीत होता. चौथं एकटंच वजनदार, कारण ते वेळापत्रकाबद्दल आहे आणि पडताळता येतं. पाचवं म्हणजे स्वतःच्या तोंडाने दिलेली कबुली. प्रामाणिकपणाबद्दल त्याला दाद द्यावी लागेल. पण नऊ जणांच्या मनात आधीच असलेल्या शंकेला, म्हणजे हा दबावाखाली टिकेल का या शंकेला, त्याने स्वतःच दुजोरा दिला.

चांगल्या वकिलाने त्या आठवड्यात काय केलं असतं? न्यायालयाचं नाव काढून कुणाला धमकावलं नसतं. धमकीचं पत्र गेलं की फाईल विद्यापीठाच्या वकिलांकडे जाते आणि मऊ पडू शकणारे प्राध्यापक गप्प होतात. त्याने पाचांतली चार कारणं खोडली असती आणि वेळापत्रकाचं ठेवलं असतं. मग शिरस्त्याचा मुद्दा तिथेच, मंडळापुढे, कागदावर मांडला असता: आजवर किती जणांना पुन्हा बसू दिलं, त्यांचे गुण किती होते, त्यातले किती पुढे उत्तीर्ण झाले. नावं नकोत, आकडे द्या. मंडळाने उत्तर दिलं तर तुलना उघडी पडते, दिलं नाही तर न दिल्याची नोंद होते. आणि शेवटी ‘मला आणखी एक संधी द्या’ याऐवजी ठरावीक प्रस्ताव: अमुक महिने रजा, अमुक विषयांची तयारी, अमुक तारखेला परीक्षा, तोवर रुग्णालयात पाऊल नाही, नापास झालो तर आपणहून बाहेर. असा प्रस्ताव नाकारायला मंडळाला कारण द्यावं लागलं असतं. त्याने कार्यकारी समितीकडे रजेची मागणी केली, पण ती नऊ मतं दोनदा विरोधात पडल्यानंतर. तोवर प्रत्येक जण आपापल्या मताला बांधला गेला होता.

न्यायालयात पोचल्यावर आणखी एक दार बंद झालं. मंडळाने आकसाने किंवा पूर्वग्रहाने निर्णय घेतला असा यूइंगचा आरोपच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट मुद्दाम टिपली. आरोप खोटा करायला हवा होता असं मी म्हणत नाही. पण ‘त्यांनी प्रामाणिकपणे निर्णय घेतला, तरीही तो मनमानी आहे’ ही चढण फार उभी असते. ज्याच्याकडे आकसाचा पुरावा नाही त्याने न्यायालयावर भिस्त ठेवू नये. सगळा जोर समितीच्या खोलीत लावावा.

वकील खोलीत, पण तोंड बंद

समितीच्या खोलीत वकिलाला बोलू देतात का? बहुतेक ठिकाणी नाही. ओहायोतल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजने अमली पदार्थाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या विद्यार्थ्याला काढलं, त्या प्रकरणात सहाव्या सर्किटने २००५ मध्ये हे स्पष्ट केलं. सुनावणीला वकील हजर होता, पण त्याला बोलायची मुभा नव्हती. न्यायालय म्हणालं, अशा सुनावणीत वकिलाचा सरसकट हक्क नाही. प्रकरण फार गुंतागुंतीचं असेल किंवा विद्यापीठाच्या बाजूनेच वकील उभा असेल तर गोष्ट वेगळी. कॉलेजची पद्धत आदर्शापासून दूर होती हे न्यायाधीशांनीही मान्य केलं, पण घटनेला पुरेशी होती. काही राज्यांनी कायदा करून हे बदललंय. नॉर्थ कॅरोलिनाने २०१३ मध्ये सरकारी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना शिस्तीच्या सुनावणीत वकिलाला बोलू देण्याचा हक्क दिला, परीक्षेतल्या अप्रामाणिकपणाची प्रकरणं मात्र बहुतांशी वगळून. म्हणजे प्री-मेडच्या मुलाला ज्याची सर्वाधिक गरज, तेच बाहेर.

म्हणून वकिलाचं काम आधी होतं. निवेदन लिहून घेणं, प्रश्नांची तालीम, साक्षीदारांची यादी, कागद लावून देणं. सुनावणीत तो शेजारी बसतो, चिठ्ठी सरकवतो, मधली सुट्टी मागायला सांगतो. त्याच घटनेवरून फौजदारी तक्रार झाली असेल तर मात्र वकील लागतोच, आणि लगेच. समितीपुढे बोललेलं पुढे पोलिसांच्या हाती पडू शकतं, आणि गप्प राहिलं तर समिती उपलब्ध पुराव्यावरच निर्णय देऊन मोकळी होते. कधी गप्प राहायचं हे एकोणीस वर्षांच्या मुलाने एकट्याने ठरवू नये.

खर्चाचं काय? अनेक मोठ्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या फीमधून चालणारं कायदेसेवा कार्यालय असतं, घरमालकाचं भांडण, वाहतुकीचा दंड असल्या कामांना उत्तम. पण विद्यापीठाच्याच विरोधात ते सहसा उभं राहत नाही, आणि ऐन वेळी हे कळतं. ऑम्बड्समनचं, म्हणजे तक्रारी ऐकणाऱ्या तटस्थ अधिकाऱ्याचं, कार्यालय पद्धत समजावून सांगतं, बाजू घेत नाही. तासावर पैसे घेणारा खासगी वकील करायचा तर निदान निवेदन आणि अपील या दोन कागदांपुरता तरी करावा. अपिलाची मुदत थोड्या दिवसांची असते आणि कारणंही मोजकीच चालतात: पद्धतीत चूक, नवा पुरावा, शिक्षा अवाजवी. ‘निर्णय अन्यायकारक आहे’ एवढंच लिहिलेलं अपील कुणी वाचत नाही.

इथे आपल्या घरांसाठी एक कडू गोष्ट. १९७४ च्या फेर्पा कायद्याप्रमाणे मूल कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक कागदपत्रांवरचे हक्क त्याचे स्वतःचे होतात. फी बाबा भरतात म्हणून डीन बाबांना काही सांगायला बांधील नाही. पुण्याहून रात्री दोनला फोन करून रागावलेल्या वडिलांना तिथली कारकून बाई नम्रपणे सांगते की तुमच्याशी बोलता येणार नाही. मुलाने लेखी संमती दिली तर बोलतात. उलट बाजूने हाच कायदा विद्यार्थ्याला आपली फाईल बघायचा हक्क देतो, आणि वकिलाचा पहिला अर्ज बहुधा त्यासाठीच असतो.

भारतातून एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलाचं गणित आणखी वेगळं. एका सत्राचं निलंबन अमेरिकन मुलाला घरी बसवतं. व्हिसावाल्या मुलाची सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीतली नोंद संपते आणि त्याला देश सोडावा लागतो. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी घेऊन आधीच माघार घेतली असेल तर पंधरा दिवस मिळतात, हकालपट्टी झाली तर तेही नाहीत. शिस्त समिती हा हिशेब करत नाही, तो तिच्यापुढे मांडावा लागतो. अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा थांबवा, ही मागणी अशा वेळी शिक्षा कमी करण्याच्या मागणीपेक्षा महत्त्वाची ठरते, आणि त्यासाठी इमिग्रेशनच्या वकिलालाही विचारावं लागतं.

अर्जातला तो एक प्रश्न

यूइंगच्या काळात हरलेला विद्यार्थी दुसरीकडे जाऊन नव्याने सुरुवात करण्याचा विचार तरी करू शकत असे. आजच्या प्री-मेडला बहुतेक मेडिकल स्कूलसाठी ‘एमकास’ या सामायिक अर्जातून जावं लागतं. त्यात एक प्रश्न आहे: कुठल्याही कॉलेजने किंवा मेडिकल स्कूलने असमाधानकारक अभ्यासासाठी किंवा वर्तनाच्या नियमभंगासाठी तुमच्यावर संस्थात्मक कारवाई केली होती का? न्यायालयांनी एवढ्या कष्टाने वेगळी केलेली दोन खाती इथे एकाच वाक्यात येऊन बसतात.

आणि सूचना स्पष्ट आहे. कारवाईमुळे शिक्षणात खंड पडला नसेल तरी ‘हो’ लिहायचं. ती अंतिम गुणपत्रकावर दिसत नसेल, नंतर पुसून टाकली असेल, तरीही ‘हो’. म्हणून जो वकील फक्त ‘रेकॉर्ड साफ करून देतो’ एवढंच आश्वासन देतो त्याच्यापासून सावध राहावं. रेकॉर्ड साफ झाल्याने नोकरीच्या अर्जाला फायदा होतो, मेडिकलच्या अर्जाला तितका नाही. इथे जे मोलाचं ठरतं ते कारवाईचं नाव आणि तपशील. ‘शैक्षणिक अप्रामाणिकपणा, दोषी’ आणि ‘परवानगीपेक्षा जास्त एकत्र काम, लेखी समज’ हे एकाच लॅब रिपोर्टाचे दोन शेवट असू शकतात, आणि प्रवेश समिती ते दोन अगदी वेगळ्या चेहऱ्यांनी वाचते. तडजोडीच्या वेळी वकिलाने भांडायचं ते या शब्दांवर. त्याहून चांगलं म्हणजे औपचारिक कारवाई सुरू होण्याआधीच प्राध्यापकाच्या पातळीवर मिटवणं, जिथे नियम तशी मुभा देतात तिथे.

‘हो’ लिहिल्यावर खुलाशाला सुमारे तेराशे अक्षरांची चौकट मिळते. त्यात यूइंगची पाच कारणं कोंबायची नसतात. काय घडलं, समितीने काय ठरवलं, शिक्षा काय होती, ती पुरी झाली का, त्यानंतर काय बदललं. विद्यापीठाच्या कागदाशी एकही तारीख विसंगत नको, कारण शिफारसपत्रातून तीच गोष्ट दुसऱ्या वाटेने समितीकडे पोचू शकते. लपवल्याचं उघडकीला आलं तर मूळ चूक बाजूलाच राहते.

अर्ज पाठवल्यानंतर कारवाई झाली तर कामकाजाच्या दहा दिवसांच्या आत अर्ज केलेल्या सगळ्या मेडिकल स्कूलना कळवावं लागतं. अपील चालू असताना हे नको वाटतं. वकीलही कधी कधी ‘निकाल लागेपर्यंत थांबू’ म्हणतो. निर्णय लागू झालेला असेल तर थांबू नये. दोन ओळींत कारवाई झाल्याचं आणि अपील दाखल केल्याचं कळवावं, निकाल आल्यावर आणखी दोन ओळी पाठवाव्या, आणि दोन्ही पत्रांच्या प्रती फाईलला लावून ठेवाव्या.